जॅझ ट्रिओसोबत स्ट्रिंग क्वार्टेट घेऊन टूर: कुठलं काम कधी करायचं

शोच्या आदल्या रात्री साडेअकराला फोन येतो, "दादा, व्हायोलिनवाले म्हणतायत पार्टमध्ये एन्ट्री कुठे घ्यायची तेच कळत नाहीये, आता काय करू?" असे फोन इतके झालेत की म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू. गोंधळ दरवेळी तोच असतो. आधी हॉल बुक होतो, मग पोस्टर येतं, मग चार स्ट्रिंगवाले शोधले जातात आणि त्यांनी वाजवायचं काय ते, म्हणजे प्रत्येकाचा लिहिलेला पार्ट, शेवटच्या आठवड्यात ट्रेनमध्ये बसून लॅपटॉपवर लिहिलं जातं. म्हणजे सगळं बरोब्बर उलटं.

मी डबल बास वाजवतो. आमचा ट्रिओ म्हणजे पियानो, बास, ड्रम्स. खालचा सगळा हिशोब मुंबई-पुणे-गोवा अशा तीन शोंचा आहे, सोबत स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो. पहिल्या शोपासून मागे आठ आठवडे मोजा. तेवढा वेळ हातात नसेल तर ही टूर ट्रिओनेच करा, स्ट्रिंग्ज पुढच्या वेळी.

## १. माणसं ठरवा (आठ आठवडे आधी)

पहिला प्रश्न, एकच क्वार्टेट तिन्ही गावांना न्यायचा की प्रत्येक गावात तिथलेच चौघं घ्यायचे? नेला तर चार जादा तिकिटं, दोन जादा खोल्या, जेवणं, पण रिहर्सल एकदाच. गावोगावी घेतले तर प्रवास वाचतो पण प्रत्येक गावात तीन तासांची रिहर्सल नव्याने, तिचे पैसे वेगळे, आणि तिसऱ्या गावातसुद्धा तुम्ही पहिल्याच दिवसाच्या चुका दुरुस्त करत बसलेले असता. मी मधला रस्ता घेतो, पहिलं व्हायोलिन आणि चेलो सोबत नेतो, दुसरं व्हायोलिन आणि व्हिओला तिथले. वरचा आणि खालचा सूर ओळखीचा असला की मधले दोघं पटकन बसतात.

व्हिओला सगळ्यात आधी शोधा. व्हायोलिनवाले मिळतात, गोव्यात तर दोन फोनमध्ये मिळतात, पण व्हिओलावाला मोकळा आहे का यावर तारीख ठरवायची वेळ येते. ऐन वेळी कुणी म्हणेल व्हिओलाचा पार्ट तिसऱ्या व्हायोलिनला देऊ, तर होत नाही, कारण व्हिओला खाली सी पर्यंत जातो, व्हायोलिन जी लाच थांबतं, आणि क्लेफ (कुठल्या रेघेवर कुठला सूर ते सांगणारी खूण) वेगळा असल्यामुळे सगळा पार्ट पुन्हा लिहावा लागतो.

माणूस फोनवर हो म्हणाला की लगेच तीन गोष्टी विचारा: स्टाफ नोटेशन वाचता येतं का, ड्रम्ससोबत आधी वाजवलंय का, वाद्याला लावायचा स्वतःचा माइक किंवा पिकअप (वाद्याची कंपनं थेट उचलणारं यंत्र) आहे का. उत्तरं लिहून ठेवा.

मुंबईत साधारण तीन प्रकारचे वादक भेटतात. ऑर्केस्ट्रातले, म्हणजे एनसीपीएच्या सिम्फनी ऑर्केस्ट्रासारख्या ठिकाणी वाजवणारे, यांचं वाचन आणि सूर पक्का पण यांना कंडक्टरच्या हाताकडे बघायची सवय. फिल्म सेशनवाले, कागद समोर ठेवला की पहिल्या टेकमध्ये वाजवून मोकळे, फक्त कानात क्लिक (तालाची टिकटिक) लागतो आणि क्लिक नसलेल्या बॅलडमध्ये (संथ ट्यूनमध्ये) ते थोडे अस्वस्थ होतात. आणि तिसरे आपले हिंदुस्तानी व्हायोलिनवाले.

हिंदुस्तानी वादक घेणार असाल तर: त्यांना क्वार्टेटच्या खुर्चीत बसवू नका, हे मी स्वतः करून पस्तावलोय. वाद्य सा-प च्या हिशोबाने लावलेलं असतं, बसणं जमिनीवर, आणि दर दोन बारला (बार म्हणजे बहुतेक वेळा चार मात्रांचा गट) पट्टी बदलणाऱ्या ट्यूनमध्ये त्यांचा सा कुठे ठेवायचा हेच ठरत नाही. त्यापेक्षा जिथे बराच वेळ एकाच स्वराभोवती फिरता येतं अशी एक ट्यून निवडा, तिचा सा त्यांच्याशी बोलून ठरवा, फ्रेज रेकॉर्ड करून आणि सरगम लिहून पाठवा, आणि स्टेजवर दीड फूट उंचीची चौकी मागा नाहीतर ते पियानोच्या मागे गायब होतात. नोटेशन-बिटेशन त्यांच्या माथी मारू नका.

पैशाचं आत्ताच बोला: रिहर्सलची फी वेगळी सांगा, प्रवासाचा दिवस मोजणार की नाही ते सांगा. आयोजक तुमच्या फीमधून बहुतेक वेळा १० टक्के टीडीएस कापून आणि महिनाभराने देतो, स्ट्रिंगवाल्यांना मात्र त्याच रात्री द्यायचे असतात. तेवढी रोकड बाजूला नसेल तर टूरवर निघू नका.

## २. आधी ट्रिओ रिकामा करा (सात आठवडे आधी)

बहुतेक लोक हा टप्पा करतच नाहीत. तिघांनी मिळून ट्यून भरगच्च बसवलेली असते आणि मग त्यावर स्ट्रिंग्जची साय पसरतात. ऐकायला काय येतं? काहीच नाही. पियानोचा डावा हात जिथे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरतो तिथेच व्हिओला आणि चेलो आहेत, चेलोच्या खालच्या तारेवर माझा बास बसलाय, आणि वर जे उरलं ते ड्रम्सच्या राइड सिंबलने (सतत वाजणाऱ्या मोठ्या झांजेने) झाकलं.

असं करा. ट्रिओने ट्यून वाजवून फोनवर रेकॉर्ड करा, मग तिघांनी बसून ऐका आणि प्रत्येकाने आपलं काय काढायचं ते ठरवा.

- पियानो: स्ट्रिंग्ज वाजत असताना डावा हात जवळजवळ बंद. कॉर्ड चौघं वाजवतायत, तुम्ही पुन्हा कशाला.
- बास: चेलो खाली आला की मी वर जातो किंवा लांब सूर धरतो. वॉकिंग (दर मात्रेला एक सूर) चालू असेल तर चेलो मधल्या सप्तकात ठेवा, दोघं एकाच ओळीत नकोत.
- ड्रम्स: स्ट्रिंग्ज असलेल्या ट्यूनमध्ये ब्रश किंवा हॉट रॉड्स (बारीक काड्यांची जुडी). काठ्या फक्त जिथे स्ट्रिंग्ज गप्प आहेत तिथे. ड्रमर नाराज होतो, होऊ दे.

ट्यूनची पट्टीही आत्ताच ठरवा. आपल्या सवयीच्या ट्यून्स ई फ्लॅट, ए फ्लॅट, डी फ्लॅटमध्ये असतात आणि स्ट्रिंग्ज जी, डी, ए मध्ये खुलतात कारण मोकळ्या तारा सापडतात. डी फ्लॅटची बॅलड डी मध्ये नेली तर पियानोवाला दोन दिवस कुरकुर करेल, पण चार वाद्यांचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटतो. सगळं बदलू नका, एखाददुसरी ट्यून बदला.

आणि दहा ट्यून्सच्या सेटमध्ये स्ट्रिंग्ज पाच-सहांतच ठेवा. कधी येतात, कधी जातात याचीच मजा असते.

तपासा: ट्रिओचं नवीन, रिकामं रेकॉर्डिंग ऐकताना "इथे काहीतरी हवंय" असं वाटतंय का? वाटत नसेल तर अजून काढा.

## ३. पार्ट लिहा (सहा ते तीन आठवडे आधी)

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. आपण लीडशीटवर वाढलेली माणसं, एक ओळ आणि वर कॉर्ड्स, बाकी डोळ्याने खुणा करून होतं. स्ट्रिंगवाल्याला कागदावर नाही ते माहीतच नसतं, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

स्विंग. दोन एट्थ नोट्स (अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे सूर) लिहिल्या की आपण आपोआप लांब-आखूड वाजवतो, क्लासिकलवाला दोन्ही सारख्या वाजवणार. वर "स्विंग" लिहिलं तर तो प्रयत्न करेल पण चौघं चार प्रकारचं स्विंग करतील, आणि ते ऐकवत नाही. छोटी ओळ असेल तर सरळ १२/८ मध्ये किंवा ट्रिप्लेट लिहून द्या. लांब ओळ असेल तर ती पियानोला द्या आणि स्ट्रिंग्जना लांब सूर, क्वार्टर नोट्स, अधूनमधून ठोके. बोसा किंवा सरळ एट्थवाल्या ट्यूनमध्ये हा प्रश्नच येत नाही, म्हणून पहिल्या टूरला तशा जास्त घ्या.

बोइंग, म्हणजे बो (गज) कसा ओढायचा ते. समजा फ्रेज दुसऱ्या बीटच्या "अँड"वर (दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेच्या मधे) सुरू होऊन तिसऱ्या बीटवर जातो. काहीच खूण नसेल तर व्हायोलिनवाला दोन्ही सूर वेगवेगळ्या बोने, दुसऱ्यावर जोर देऊन वाजवतो आणि ऐकायला मार्चिंग बँड येतो. "अँड"पासून पुढच्या बीटपर्यंत स्लर (एकाच बोत वाजवायची खूण) टाका आणि जोराची खूण "अँड"वर द्या. एवढ्या एका रेघेने फ्रेज जॅझसारखा वाटायला लागतो. तुम्हाला बोइंग कळत नसेल तर पहिल्या व्हायोलिनवाल्याला तासभराचे पैसे द्या आणि त्याच्याकडून सगळ्या पार्टवर खुणा करून घ्या.

सूर कुठे संपतो. होल नोट (चार मात्रांचा सूर) लिहिली की स्ट्रिंगवाला शेवटी हळूच आवाज विरवतो, त्यांना तसंच शिकवलेलं असतं. आपल्याला ड्रमच्या कटसोबत खट्कन बंद हवं असतं. मग सूर पुढच्या बारच्या पहिल्या बीटला बांधा, त्यानंतर विश्राम लिहा आणि "एकवर सोडा" असं शब्दात लिहा.

व्हायब्राटो, म्हणजे सुराचं थरथरणं. खूण नसेल तर तो येणारच. सपाट, थंड आवाज हवा असेल तिथे "व्हायब्राटो नको" हे प्रत्येक पार्टमध्ये लिहा.

वेळ द्या. म्यूट (आवाज दबवणारा तुकडा) लावायला तीन-चार बार मोकळे लागतात, काढायलाही. पिझिकातोवरून (तारा बोटाने छेडण्यावरून) बोवर यायला निदान दोन बीट. कॉम्प्युटरमधला प्लेबॅक हे सगळं शून्य सेकंदात करून दाखवतो, शिवाय त्यातली स्ट्रिंग्ज कधी दमत नाहीत आणि कधी बेसूर होत नाहीत. त्याच्यावर विश्वास ठेवून तेरा बारचा एकच स्लर लिहिलेला पार्ट मी पाहिलाय. बो तेवढा लांब नसतो हो.

मोकळे सोलो. सगळ्यात मोठा घोळ इथेच. पियानोवाला तीन कोरस (कोरस म्हणजे ट्यूनची एक पूर्ण फेरी) घेईल की पाच, त्यालाच माहीत नसतं. गवई मुखडा उचलतो तेव्हा तबलजीला आपोआप कळतं तसं आपल्या तिघांचं असतं, पण चार वाचणारी माणसं बत्तीस बार पाच वेळा मोजत बसणार नाहीत. पार्टमध्ये तो भाग रिपीटच्या खुणांत टाका, वर मोठ्या अक्षरात "मोकळा, खुणेची वाट बघा" लिहा, आणि खूण कोण देणार त्याचं नाव लिहा. शेवटचे चार बार बारीक अक्षरात पियानोची ओळ लिहून दाखवा म्हणजे येणारं वळण ऐकू येतं. आमच्यात डावा हात वर म्हणजे हा शेवटचा कोरस, मूठ बंद म्हणजे पुढच्या एकवर एन्ट्री. खुणा दोनच ठेवा.

कागद. ए४ वर बारीक छापू नका. झेरॉक्सवाल्याकडे जाऊन ए३ कागद मधे दुमडून चार पानी पुस्तिका करा, पाच रेघांची उंची ८ मिलिमीटरच्या आसपास, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बार नंबर, प्रत्येक भागाला मोठं अक्षर (ए, बी, सी). पान उलटायच्या जागी विश्राम यायलाच हवा, नाहीतर चौघं एकदम वाजवायचे थांबतात आणि फक्त कागदांचा खळखळाट ऐकू येतो.

तपासा: व्हिओला अल्टो क्लेफमध्ये आहे ना? ट्रिओच्या चार्टवरचे बार नंबर आणि स्ट्रिंग्जचे बार नंबर एकच आहेत ना? हे जुळलं नाही तर रिहर्सलचा अर्धा तास "तुमचा सत्तेचाळीस म्हणजे आमचा कुठला" यातच जातो.

## ४. पाठवा (दोन आठवडे आधी)

पीडीएफ आणि ट्रिओचं रेकॉर्डिंग दोन्ही पाठवा, रेकॉर्डिंगमध्ये सुरुवातीचा काउंट हवा. व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवू नका. छापील संच मात्र स्वतः घेऊन जा, प्रत्येकी दोन, वेगळ्या बॅगांत, सोबत पेन्सिली आणि कपडे वाळत घालायचे चिमटे. गोव्याला मोकळ्या जागेत शो असेल तर चिमटे का ते कळेलच.

## ५. वाद्यांचा प्रवास

व्हायोलिन, व्हिओला हातात. आपल्याकडे बहुतेक विमान कंपन्यांचा केबिनचा नियम ७ किलोचा आहे, वजनात बसतं पण लांबीवरून काउंटरवर वाद घालतात, म्हणून लवकर पोचा आणि कंपनीची ईमेलवरची परवानगी छापून ठेवा. चेलोसाठी जादा सीट, तीही फोन करून चेलोसाठीच म्हणून बुक केलेली. चेक-इनमध्ये टाकायचा मोह आवरा. ट्रेनच्या पार्सल डब्यात तर अजिबात नाही.

डबल बास गोव्याला नेत नाही, तिथेच भाड्याने घेतो, फक्त पिकअप आणि बो माझा. भाड्याच्या बासचे फोटो आधी मागवा, त्यात ब्रिज (तारा ज्यावर टेकतात तो) सरळ आहे का आणि तारा बोर्डापासून किती वर आहेत ते बघा. पुण्याला टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मागच्या सीटवर कुशीवर आडवा, ब्रिजवर भार नाही, आणि घाटात कुणीतरी हात ठेवून बसायचं.

हवा विसरू नका. कोकणातल्या दमट हवेत खुंट्या फुगून घट्ट होतात, कोरड्या एसीत सैल पडून घसरतात. एका पावसाळी शोला आमच्या चेलोची कडेची सांध दुपारी उघडली, सरसाने चिकटवलेली असते ती, आणि गावात दुरुस्ती करणारा मिळेना. त्या रात्री चेलोचा पार्ट मी बोने वाजवला आणि बास कुणीच नाही, पियानोच्या डाव्या हाताने निभावून नेलं. तेव्हापासून केसमध्ये ओलावा शोषणारी पाकिटं, तारांचा जादा संच, आणि प्रत्येक गावातल्या वाद्य दुरुस्त करणाऱ्याचा नंबर आधीच घेऊन ठेवतो.

देशाबाहेर जाणार असाल तर बो पर्नाम्बुको लाकडाचा आहे का, कुठे हस्तिदंत आहे का ते आधी बघा, साइट्सचे (CITES, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागद लागू शकतात. वाद्यांसाठी एटीए कार्नेट (सामान कस्टम्स ड्युटी न भरता तात्पुरतं नेण्या-आणण्याचा कागद) आपल्याकडे फिक्की ही उद्योजकांची संघटना देते.

## ६. रिहर्सल: तीन तास, मिनिटांसकट

चूक एकच, सगळे सातजण पहिल्या मिनिटापासून एकत्र वाजवायला बसतात. ड्रम सुरू झाला की स्ट्रिंगवाल्याला स्वतःचा सूर ऐकू येत नाही, तो जोरात वाजवतो, मग ड्रमर जोरात वाजवतो.

१. पहिली ४० मिनिटं फक्त चौघं आणि पियानो. कॉर्ड्स हळू धरून सूर जुळवा, बोइंग एकसारखं करा.
२. पुढची ३० मिनिटं त्यात बास. काउंट कसा देणार ते इथे ठरवा. आपण दोन आणि चारवर चुटकी वाजवतो, त्यांना ती एक आणि तीन वाटते आणि सम कुठे तेच हरवतं. तोंडाने "एक, दोन, एक दोन तीन चार" म्हणा, चुटकी नको.
३. दहा मिनिटं चहा. खरंच सोडा, त्यांचे खांदे दुखतात.
४. मग ड्रमसकट, पण फक्त सुरुवाती, शेवट आणि सोलोतून परत यायच्या जागा. सोलो पूर्ण घेऊ नका. पियानोवाल्याला अर्धा कोरस वाजवून हात वर करायला लावा, पुन्हा, पुन्हा, चार वेळा.
५. शेवटचा पाऊण तास सेट सलग, न थांबता.

स्ट्रिंग्ज मागे पडतात अशी तक्रार येईल. बोने सूर उमटायला क्षणभर लागतो, त्यात आपला ड्रमर आरामात मागे टेकून वाजवणारा, आणि ते त्याला ऐकून वाजवणार, मग मागेच पडणार. त्यांना हाय-हॅट (ड्रमरच्या पायाशी असलेली झांजांची जोडी) धरून थोडं पुढे वाजवा असं सांगा आणि ट्रिओला सांगा की तुम्ही त्यांच्यासाठी थांबायचं नाही. दोघं एकमेकांसाठी थांबले की बॅलडची अंत्ययात्रा होते.

## ७. हॉलमध्ये (शोचा दिवस)

क्रम असा: एसी, पियानो ट्यूनिंग, मांडणी, माइक, साउंड चेक.

एसी आधी का? पियानो दुपारी उकाड्यात ट्यून केला आणि संध्याकाळी थंडगार एसी लावला तर तो हलतो. शोला जे तापमान असेल ते ट्यूनरच्या आधी दोन तास चालू ठेवायला लावा, वॉचमन वीज वाचवायला बंद करतो, त्याच्यावर लक्ष ठेवा.

ट्यूनर गेल्यावर पियानोचा ए (ज्यावरून सगळे सूर लावतात तो स्वर) मोजा. एका हॉलमध्ये तो ४३६ हर्ट्झ निघाला आणि चौघं फोनवरच्या ॲपने ४४० ला लावून बसले होते, अर्धा साउंड चेक सगळे साउंडवाल्याला शिव्या देत होते. पियानो जिथे असेल तिथे स्ट्रिंग्जनी यायचं, ॲप बंद.

मांडणीत ड्रम्स एका टोकाला, गालिच्यावर. पियानो दुसऱ्या टोकाला, स्ट्रिंग्ज पियानोच्या वळणापाशी अर्धगोलात, बास मधे. व्हायोलिनच्या माइकचं तोंड सिंबलकडे होणार नाही असं बसवा. बास आणि हाय-हॅटपासून तीन-चार मीटरच्या आत राहू द्या, दहा मीटर लांब बसवलं तर आवाज पोचायलाच सेकंदाच्या तिसाव्या हिश्श्याच्या आसपास वेळ जातो आणि मग ताल कसा जुळणार.

माइक वाद्यावर चिमट्याने लागणारे, डीपीए ४०९९ सारखे. चौघांसमोर दोन उंच स्टँड माइक लावू असं साउंडवाला म्हणेल, ड्रम्स असताना त्यात फक्त राइड सिंबल येतो. त्यांना ४८ व्होल्ट फँटम (मिक्सरमधून माइकला मिळणारी वीज) लागतो ते आधी कळवा. व्हायोलिनचा सगळ्यात खालचा सूर १९६ हर्ट्झला असतो, त्यामुळे त्याच्या चॅनलवर खालचं सगळं कापून टाकायला सांगा. चेलोचा ६५ पर्यंत जातो, तिथे तेच बटण दाबलं की चेलोचा व्हिओला होतो.

साउंड चेक चौघांपासून सुरू करा, ड्रम्स शेवटी. आपल्याकडे किक ड्रम दाणदाण वाजवून सुरुवात करायची पद्धत आहे, मग बाकी सगळं त्याच्या उंचीला न्यावं लागतं आणि स्ट्रिंग्जचे माइक फीडबॅक (शिट्टीसारखा आवाज) देतात.

सावधान: मोकळ्या जागेत लाउडस्पीकर रात्री १० ला बंद. शेवटची ट्यून स्ट्रिंग्जवाली असेल आणि शो उशिरा सुरू झाला असेल तर मधली कुठली ट्रिओची ट्यून गाळायची ते आधीच ठरवा.

## ८. शोमध्ये

वाद्यं निदान पाऊण तास आधी केसबाहेर, स्टेजच्याच हवेत. दर दोन ट्यूननंतर सूर जुळवायला वेळ द्या, तेवढ्यात कुणीतरी बोला.

कुणी हरवलं तर? नियम एकच आणि तो रिहर्सललाच सांगायचा: वाजवायचं थांबा, पुढच्या मोठ्या अक्षराला या. ते अक्षर आलं की मी तोंडाने मोठ्याने सांगतो, "सी!" प्रेक्षकांना वाटतं जोशात ओरडतोय.

## ९. शो संपल्यावर

पैशांची पाकिटं द्या, मग पार्ट गोळा करा, मोजून. त्यावर पेन्सिलने काय-काय लिहिलेलं असतं: कुठे बो उचलायचा, कुठे ड्रमरकडे बघायचं, एका व्हिओलावालीने सोलोच्या जागी "पियानो वेडा होतो, घाबरू नको" असं लिहून ठेवलं होतं. ते खोडून नवीन कोरी प्रत काढू नका. तसंच झेरॉक्स करा आणि पुढच्या गावातल्या वादकाला तीच प्रत द्या.